रोल संपवायला काढलेला फोटो

ओली वस्तू दिसली की माझा हात आपोआप ती वाळत घालायला जातो. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत माझी आजवरची सगळी नोकरी झाली, आणि तिथे ओल हा एकच शत्रू. पोतं भिजलं की पसरा, उलथा, वारा द्या. आधी वाळवा, बाकीचा विचार नंतर. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. या सवयीनं कंपनीचं भलंच झालं. माझ्या दादाचा चेहरा मात्र मी याच सवयीनं घालवत आणला होता. तोही दादा गेल्यानंतर, आणि वहिनींनी तो माझ्या भरवशावर सोपवलेला असताना.

दादा आष्टीत फोटोग्राफर होता. बाजाराच्या रस्त्याला एक खोली. पुढे पडदा आणि स्टूल, मागे खिडकी बुजवून केलेली अंधारखोली. परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, बारशाचे फोटो. फोटो काढताना त्याच्या कपाळाला कायम आठ्या असत. "हलू नका", "मान वर", "अहो, बाळाला नीट धरा, कणसं धरल्यासारखं काय धरता" असं तो सतत कोणावर तरी खेकसत असे, आणि लोकांना त्याचं काही वाटत नसे, कारण फोटो चांगला यायचा. मोबाइल आले तसं दुकान बसलं. पडद्याच्या जागी त्यानं खताच्या पिशव्या रचल्या आणि शेतीत लक्ष घातलं. आठ्या तशाच राहिल्या. गेल्या वर्षी ज्येष्ठात, शेतातून येऊन ओसरीवर बसला तो उठलाच नाही.

तेराव्याला पूजेत ठेवायला फोटो हवा, तर फोटोग्राफरच्या घरात फोटोग्राफरचाच फोटो सापडेना. कसा सापडणार? तो कायम कॅमेऱ्याच्या मागे. शेवटी आधार कार्डावरचा फोटो घेऊन मी जालन्यात मस्तगड भागातल्या एका फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदारानं स्क्रीनवर तो मोठा केला आणि विचारलं, "साहब, कोट डालूं क्या? सब डालते."

खरंच सगळे घालतात. आमच्याकडे जन्मभर धोतर-पायजम्यात राहिलेला माणूस मेल्यानंतर भिंतीवर कोट-टायमध्ये लटकतो. कोट एकच, टाय एकच, मागचा निळा रंगही एकच; फक्त वरचं डोकं बदलतं. मला त्या वेळी वाटलं, दादाचा मान राहील. मी म्हणालो, घाला. दुकानदारानं कोट घातला, गाल उजळले, आणि मी न सांगता कपाळावरच्या आठ्याही पुसून टाकल्या.

वहिनींनी तो फोटो पाहिला आणि घर भरलेलं असताना मला बाजूला घेतलं.

"भावजी, हा कोणता साहेब आणून टांगला तुम्ही?"

"वहिनी, दादाच आहे तो."

"ह्यांनी लग्नात तरी कोट घातल्ता का? माझ्या बापानं कोटाचं कापड दिल्तं, तर त्याची कॅमेऱ्याला पिशवी शिवली ह्यांनी. अन् आठ्या कुठं गेल्या?"

पाहुणे पांगल्यावर त्यांनी मला माळ्यावरून बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे काढायला लावले. आत बटर पेपरात गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, रबर लावलेले गठ्ठेच्या गठ्ठे. दादानं स्वतः धुतलेले सगळे काळे-पांढरे रोल.

"ह्यात एक फोटो हाये ह्यांचा," वहिनी म्हणाल्या. "मी काढलेला."

लग्न होऊन त्या नुकत्याच आष्टीला आल्या होत्या. दहावीच्या मुलांचे फॉर्मचे फोटो चालले होते. मुलं संपली, पण रोलमध्ये एक फोटो उरला. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही. दादानं कॅमेरा बायकोच्या हातात दिला, स्वतः मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, दाब बटण. वहिनींना येईना. तो तिथूनच ओरडायला लागला.

"मी घाबरून दाबलं. मंग रोल धुतला तवा ह्यांनी उजेडात धरून दाखवला मला. केस पांढरेफेक, तोंड काळं. मी म्हणलं, म्हातारपणी असे दिसताल तुम्ही."

"मग छापला का नाही?"

"रोल संपवायला काढलेला फोटो कोण छापतं, भावजी? कागदाचा खर्चा."

तर हा फोटो कोणीच पाहिलेला नव्हता, त्या दोघांखेरीज. वहिनींचं म्हणणं साधं होतं. वर्षश्राद्धाला चौरंगावर तो कोटवाला माणूस नको, त्यांचा नवरा हवा. "आमच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात काही टिकत न्हाई. तुमचं घर स्लॅबचं हाये. घेऊन जा, निवांत शोधा, छापून आणा."

मी डबे जालन्याला आणले. जिन्याखाली पाण्याच्या ड्रमशेजारी जागा होती, तिथे ठेवले. आणि निवांत शोधायचं म्हणून निवांतच राहिलो. कापसाच्या बियाण्याचा हंगाम झाला, मग दिवाळी झाली, मग हरभऱ्याचं बियाणं आलं. वहिनींचा फोन आला की मी म्हणायचो, "चालू आहे वहिनी, बघतोय." मी डबा उघडलासुद्धा नव्हता. हे लिहिताना अंगावर येतं, पण तसंच होतं.

आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून नळ कोणी बंद करत नाही. तोटी उघडी, तिला पाइप, पाइपचं टोक ड्रममध्ये. पाणी आलं की आवाज होतो आणि सगळी गल्ली जागी होते. वैशाखात एका रविवारी आम्ही नवरा-बायको नात्यातल्या साखरपुड्याला गेलो. तोटी उघडीच. एरवी वाट बघून डोळे शिणवणारं पाणी नेमकं त्याच दुपारी आलं, आणि भरपूर आलं. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या पंगतीत होतो. "भाऊ, तुमच्या दाराखालून पाणी येऊ राह्यलंय. नळ चालू ठेवून गेले का काय?"

घरी पोचलो तर पाइप ड्रममधून निसटून खाली पडलेला, जिन्याखाली तळं. वरचे डबे कोरडे होते. सगळ्यांत खालच्या डब्याचं झाकण गंजून बसलेलं होतं, तरी पाणी आत शिरलं होतं. हा डबा सगळ्यांत जुन्या रोलांचा, हे त्याच्यावर दादाच्या हातानं रंगवलेलं होतं. अर्थातच, वहिनींनी काढलेला फोटो असायचा तर याच डब्यात.

तो डबा तसाच पाण्यासकट ठेवला असता तर फारसं काही बिघडलं नसतं. हे मला आज कळतं. पण पुढ्यात ओल होती आणि हाताला सवय होती. मी पाणी ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, गच्चीवर जुनी साडी अंथरली, आणि सगळे गठ्ठे जसेच्या तसे, एकही पट्टी न सोडवता, वैशाखाच्या उन्हात मांडले. दर थोड्या वेळानं जाऊन उलथत होतो. एक बाजू झाली की दुसरी. मनातून बरंही वाटत होतं की चूक झाली खरी, पण सावरली वेळेवर.

संध्याकाळी बायको वर आली. एक गठ्ठा तिनं बोटांनी उचलला, तो अख्खा उचलला गेला, फळीसारखा.

"अहो, कुरडया झाल्या की ह्याच्या."

झाल्याच होत्या. कडा वळल्या होत्या, आणि पट्ट्या एकमेकींना आणि बटर पेपराला अशा चिकटल्या होत्या की नख शिरेना. फिल्मवर चित्र असतं ते एका पातळ चिकट थरात. तो ओला झाला की फुगतो, आणि शेजारच्या पट्टीला टेकलेला असतानाच वाळला की डिंकासारखा धरतो. दादाला हे माहीत होतं. मला नव्हतं, आणि मी विचारलं नाही कोणाला.

वहिनींचा फोन नेमका त्याच दिवशी.

"सापडला का?"

"वहिनी, एका डब्याला थोडी ओल लागली होती. पाणी आलं आणि पाइप निसटला. पण काळजी करू नका, सगळं उन्हात वाळवलंय."

"उन्हात?"

"हो. चांगलं कडक."

"भावजी, ह्यांनी एक पट्टी तरी कधी उन्हात वाळवली का? अंधारखोलीत दोरीला टांगत होते, चिमटा लावून, एकेक येगळी. पंखा लावला तरी माझ्यावर ओरडत होते, धूळ बसती म्हणून. तुम्ही का मिरच्या वाळवू राह्यले?"

'पाइप निसटला' असं मी म्हणालो, यात पाइपच सगळा दोषी ठरतो. तोटी उघडी ठेवून मी गेलो होतो हे त्या वाक्यात नव्हतं. तेवढं मी सफाईनं गाळलं.

पुढचे दिवस मी घरातल्यांना नको नको केलं, आणि घरातल्यांनी मला. बाटलीवरचं लेबल काढायला आपण गरम पाणी वापरतो, म्हणून मी सगळ्यांत लहान गठ्ठा कोमट पाण्यात टाकला. नशीब की लहानच टाकला. पट्ट्या लगेच सुटल्या. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. तिनं एक पट्टी उजेडात धरली. पट्टी काचेसारखी स्वच्छ होती. चेहरे वाडग्यात तरंगत होते, दुधावरच्या सायीसारखे, करड्या रंगाचे. बघता बघता विरघळले. कोणाच्या तरी दहावीच्या वर्षातले चेहरे. ते पाणी मोरीत ओतायला हात होईना. शेवटी गच्चीवरच्या कुंडीत ओतलं.

मग मी मोबाइलवर शोधलं. आधी का नाही शोधलं, हे बायकोनंही विचारलं. एका परदेशी माणसाचा व्हिडिओ सापडला. अंगात लोकरीचा स्वेटर, मागे खिडकीत बर्फ. त्यानं शांतपणे सांगितलं की फिल्म नेहमीच्या खोलीतल्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यात भिजवा आणि घाई करू नका. बाबा रे, आमच्या खोलीतल्या पाण्यात वैशाखात चहा होतो! आणि स्वच्छ म्हणशील तर बोअरच्या पाण्यानं आमच्या बादल्यांनाही पांढरी पुटं चढतात. मी फोन उशीखाली टाकला आणि बराच वेळ त्या स्वेटरवाल्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

पण पाणी होतं माझ्याजवळ. कंपनीच्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर असतं. साहेबांना विचारून दोन कॅन घरी आणले आणि फ्रिजमध्ये ठेवले. भाजी, कणीक, दूध सगळं बाहेर आलं.

"उद्या पाहुणे आले अन् थंड पाणी मागितलं तर हेच देऊ का?" बायको म्हणाली. "जेठांच्या नावानं पाजते सगळ्यांना."

वर्षश्राद्ध जवळ येत चाललं. मी फोनवर पुन्हा "चालू आहे" म्हणालो आणि त्या रविवारी सकाळीच वहिनी दारात उभ्या. आष्टीहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. पिशवीत भाकरी, ठेचा आणि दादाचे दोन चिमटे, निगेटिव्ह धरायचा लांब आणि दोरीला अडकवायचा छोटा.

"चालू हाये म्हणले ना? दाखवा, काय चालू हाये."

मी बियाणं रुजवायचे पांढरे ट्रे आणले होते. त्यात गार पाणी ओतून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले आणि गठ्ठे बुडवले. वहिनी स्टूल ओढून बसल्या. थोडा वेळ झाला नाही तोच, "सुटंना का?"

"वहिनी, वेळ लागतो."

"ओढून बघा."

"ओढायचं नाही. सुटायची वाट बघायची."

हे मात्र मला येत होतं. आमच्याकडे बियाण्याची उगवण तपासायला दाणे ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवतात. काही दिवसांनी गुंडाळी उलगडायची. कोवळी मुळं कागदात घुसलेली असतात. घाई केली तर कोंब मोडतो आणि तो दाणा वाया जातो. म्हणून बोटांनी फक्त पाणी हलवायचं, कागद आपण होऊन सैल पडतो. मी तसंच केलं. पाणी हलवलं, गार पाणी बदललं, पुन्हा हलवलं. बऱ्याच वेळानं बटर पेपर सुटला. मग पहिली पट्टी सरकली.

वहिनींनी ती चिमट्यानं उचलून खिडकीकडे धरली आणि त्यांचा आवाजच बदलला.

"ही बघा, गिरणीवाल्याची लेक. आता आजी झाली. अन् हा... अगं बाई, हा तर तीन वर्षं दहावीला बसला! दर वर्षी नवा फोटो काढायला यायचा. हे म्हणले, अरे जुनाच लाव की, तू कुठं बदलला?"

एकेक पट्टी येत गेली. काही पट्ट्यांवर अर्धेच चेहरे होते, काहींवर नुसते डाग. वहिनींना उलट्या काळ्या-पांढऱ्यातही माणसं ओळखू येत होती. बायको मधून मधून चहा करत होती आणि ओट्यावर तिला पोळपाट ठेवायला जागा नाही हे सांगत होती.

त्या गार पाण्यात हात घालून बसलो असताना मला राहवलं नाही.

"वहिनी, पाइप आपोआप निसटला, पण तोटी मी उघडी ठेवली होती. दिवसभरासाठी बाहेर जाताना."

वहिनींनी पट्टीवरून नजर काढली नाही. "मंग? पाण्याची वाट बघणारं कोण बंद करतं तोटी? मी बी उघडीच ठेवते. त्याचं न्हाई मला, भावजी. वरसभर डबा उघडून बघितला न्हाई तुम्ही, त्याचं हाये."

मी ज्या गोष्टीची कबुली द्यायला महिनाभर धीर गोळा करत होतो ती त्यांच्या लेखी काहीच नव्हती. आणि जिच्याबद्दल मी तोंडही उघडलं नव्हतं ती त्यांना पहिल्यापासून दिसत होती.

"आता हलवा पाणी," त्या म्हणाल्या. "रडू नका त्यात. मीठ चालत नसंल त्याला."

शेवटच्या ट्रेमध्ये दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. एका पट्टीच्या टोकाला, इतर फोटोंत नव्हती अशी मोकळी भिंत दिसत होती. आणि भिंतीसमोर पांढऱ्या केसांचा माणूस.

"तेच," वहिनी म्हणाल्या. "तेच हायेत."

दुसरी पट्टी त्याच्यावर अर्धी चढलेली होती. त्याचा वर केलेला हात दिसत होता, कपाळ दिसत होतं. गाल झाकलेला. मी पाणी हलवत होतो. ती सुटत होती, पण केसभर, केसभर.

"राहू द्या वहिनी, आत्ता सुटेल."

"हो हो."

मी पाणी बदलायला कॅन घ्यायला वळलो. वळलो तेवढंच. परत बघतो तर वहिनींचं बोट पाण्यात होतं. त्यांनी वरची पट्टी बाजूला सारली होती, हळूच, डोळ्यातला कण काढावा तितकी हळू. पट्टी बाजूला झाली. बोट वर आलं, तर बोटाच्या टोकावर एक पातळ करडा पापुद्रा चिकटलेला होता. कांद्याच्या आतल्या सालीएवढा.

तो दादाचा गाल होता. गाल, आणि कान.

वहिनी बोटाकडे बघत राहिल्या. त्यांनी ते बोट पुसलं नाही, धुतलं नाही. पदराला लागू नये म्हणून वर धरून बसल्या. तो पापुद्रा वाळून कधी दिसेनासा झाला ते कळलं नाही.

मग म्हणाल्या, "भावजी, आता त्या पाण्याचं, डब्याचं, उन्हाचं नाव काढायचं न्हाई. अन् ह्या बोटाचं बी."

पट्टी आम्ही न्हाणीघरात दोरीला टांगली, दादाच्याच छोट्या चिमट्यानं. पंखा बंद, खिडकी बंद. आयुष्यभर ओल पळवण्याचा पगार घेतलेला मी, एक पट्टी आपल्या आपण वाळेपर्यंत न्हाणीघराच्या दाराशी पाट टाकून बसलो. कोणालाही हात धुवायला आत जाऊ दिलं नाही.

वाळल्यावर मी ती मोबाइलच्या उजेडावर धरून फोटो काढला आणि काळ्याचं पांढरं करून वहिनींना दाखवला. भिंतीसमोर दादा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एक हात पुढे करून काहीतरी सांगतोय, तोंड अर्धं उघडं. एका बाजूला गालाच्या जागी काळा डाग, कानापर्यंत. वर कपाळाला आठ्या, सगळ्या शाबूत.

"चिडलेत," वहिनी म्हणाल्या. "बराबर चिडलेत. 'कॅमेरा हलवू नको' म्हणू राह्यले बघा." मोबाइल त्यांनी जवळ घेतला, लांब धरला. "हलला न्हाई पण माझा."

पट्टी घेऊन मी त्याच मस्तगडच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ती मोठ्या कौतुकानं स्कॅन केली आणि मी नको म्हणेपर्यंत कॉम्प्युटरकडून गाल भरून घेतला. गाल सुंदर होता. कोणाचा होता, ते देवाला ठाऊक. कान तर एखाद्या नटाला शोभला असता.

"काढा तो गाल."

"साहब, आप समझे नहीं. फ्री में कर रहा."

"फुकट असो, काढा."

"आधा चेहरा कौन लगाता पूजा में? लोक म्हणतील, दुकानदाराला काम येत नाही."

"म्हणू द्या."

"आठ्या तरी काढू?"

"आठ्यांना हात लावायचा नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून पाहिलं. दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं, खांदे उडवले, आणि आहे तसा फोटो छापला. पाकिटात घालताना मात्र त्यानं दुकानाचं नाव असलेलं पाकीट परत घेतलं आणि कोरं दिलं. "मेरा नाम मत बताना किसी को."

वर्षश्राद्धाला आष्टीत सगळे जमले. चौरंगावर तो फोटो, त्याला हार. लोक पाया पडायचे, वाकायचे, आणि वर येता येता थबकायचे. आमच्या आत्यानं सगळ्यांच्या वतीनं विचारलं.

"अगं, हा कसा डागाळलेला फोटो ठेवलास? तो कोटातला किती छान होता!"

"छान हाये ना?" वहिनी म्हणाल्या. "मंग तुम्ही घेऊन जा तुमच्या घरी. भिंत रिकामी असंल तुमची."

आत्या पुढे सरकली. तिच्या मागे दादाचा एक जुना मित्र उभा होता. तो फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि हसू दाबत म्हणाला, "आता म्हणंल, मान वर कर." दोन-तीन माणसं हसली. श्राद्धाच्या दिवशी हसू नये असं कोणाला वाटलं नाही.

आत्यानं कोटवाला फोटो नेला नाही. निघताना वहिनींनी तो मोठा, काचेचा, फ्रेमचा फोटो माझ्या हातात दिला. "तुम्ही आणल्ता. तुम्हीच न्या."

"याचं काय करू वहिनी?"

"मला काय ठाऊक? जिन्याखाली ठेवा. पाण्याचा भेव न्हाई त्याला."

म्हणजे नाव काढायचं नाही हे फक्त माझ्यासाठी होतं. हे सगळं कुठंतरी लिहून काढीन म्हणालो, तर म्हणाल्या, "लिहा की. कोण वाचतंय." बोटाचंही लिहू का, असं विचारायचा धीर झाला. त्यांनी उजवा हात पदरात घेतला आणि म्हणाल्या, "ते बी लिहा. तुमचं एकट्याचं नाव कशाला खराब."

जालन्याच्या एसटीत गर्दी होती. फ्रेम वर ठेवता येईना, म्हणून मांडीवर उभी धरून बसलो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो निळ्या पडद्यासमोरचा कोट दिसायचा, मग मी. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि फोटोपुढे जरा अदबीनं थांबला.

"मोठे साहेब दिसतात. कोण तुमचे?"

"भाऊ."

"कोणत्या खात्यात होते?"

"फोटोग्राफर होते," मी म्हणालो. "कोट त्यांचा नाही."

कंडक्टरनं कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिकीट फाडून माझ्या हातात दिलं. "फ्रेम जरा सरळ धरा," तो म्हणाला, "हलू देऊ नका, काच फुटंल." मी सरळ धरली. पुढच्या फाट्याला एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढल्या, त्यांना बसायला जागा हवी होती. मी फ्रेम फिरवली, कोटाची बाजू माझ्याकडे घेतली, आणि सरकून बसलो.